तेवीस किलोंचा वाद

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत कपडे सगळ्यात शेवटी जातात. आधी मसाला, मग भाजणी, मग मेतकूट, आणि उरलेल्या फटींत साड्या. ही बॅग भरताना घरात हमखास दोन पक्ष पडतात. एक ‘घ्या हो, काही होत नाही’वाला आणि दुसरा ‘चालणार नाही’वाला. इथे बोलणारी दोन माणसं याच दोन पक्षांतली, पण दोघंही आपापल्या परीने जाणकार. वहिनी चिपळूणच्या. त्यांची नोकरी पोस्टाच्या काउंटरवर पार्सलं घेण्यात आणि नाकारण्यात गेली. त्यांचे धाकटे दीर सहारच्या विमानतळावर मालवाहतुकीतल्या धोकादायक मालाची तपासणी करता करता निवृत्त झाले. वहिनी दिवाळीनंतर दुबईत भाचीकडे चार दिवस राहून पुढे न्यू जर्सीला मुलाकडे निघाल्या आहेत. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत आणि भावोजींनी पहिलीच पिशवी बाहेर काढली आहे.

वहिनी: ती आत ठेवा. नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, एवढं मलाही कळतं. हा नारळ नाही, सुकं खोबरं आहे. आणि मी ते मोठ्या बॅगेत टाकलंय.

भावोजी: तिथेच तर ते अजिबात चालत नाही, वहिनी. धोकादायक मालाची जी जागतिक यादी आहे, तीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३. वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ.

वहिनी: खोबरं आपोआप पेटतं? आमच्या माळ्यावर वर्षभर वाट्या पडलेल्या असतात. घर अजून उभं आहे.

भावोजी: कारण माळ्यावर वारा खेळतो. खोबऱ्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होतो, तेव्हा थोडी उष्णता निघते. मोकळ्यावर ती उडून जाते. पण पोत्यात दाबून भरलं, त्यात थोडी ओल राहिली, की उष्णता आतच कोंडते आणि वाढत जाते. जहाजाच्या तळघरात खोबऱ्याची पोती अशी तापतात, हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

वहिनी: ते पोत्यांचं झालं. माझं अर्धा किलो आहे.

भावोजी: तपासणाऱ्याने तुम्हाला सोडलं, तर मागच्यालाही सोडावं लागेल. विमानात तीनशे माणसं असतात आणि त्यांच्या बॅगा पोटात एकमेकींवर रचलेल्या असतात. तुम्हाला तुमचं अर्धा किलो दिसतं. विमानाला सगळ्यांचं मिळून दिसतं.

वहिनी: हे उत्तर मी काउंटरवर शेकडो वेळा दिलंय, म्हणून त्यातली पळवाटही मला ठाऊक आहे. नियम सगळ्यांना सारखा, असं आपण सामान्य माणसालाच सांगतो. शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना नारळ केबिनमध्ये न्यायची परवानगी मिळालीच ना?

भावोजी: मिळाली. २०२२ मध्ये पहिल्यांदा, मग २०२४ मध्ये पुन्हा. तेव्हा २० जानेवारी २०२५ पर्यंतच, म्हणजे यात्रेच्या हंगामापुरतीच मुदत होती.

वहिनी: आणि शीख प्रवाशांना देशातल्या देशात कृपाण नेता येतं. पातं सहा इंच, एकूण लांबी नऊ इंच. माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री मात्र काढून ठेवली होती मागच्या खेपेला. तक्रार भाविकांबद्दल नाही हं. त्यांची श्रद्धा आहे, ती सांभाळली, चांगलंच झालं. पण ज्यांच्यामागे समाज उभा असतो, त्यांच्यासाठी नियम वाकतो आणि माझ्यासारख्या एकटीला तो आकाशातून पडल्यासारखा सांगितला जातो. दगडावरची रेघ असल्याचा आव आणू नका, एवढंच म्हणणं.

भावोजी: आव आणत नाही. पण कुठला नियम वाकला ते नीट बघा. ओला नारळ केबिनमध्ये नको म्हणतात, कारण तो टणक असतो आणि आत काय आहे ते सहज दिसत नाही. ही घातपाताची भीती झाली. तिच्यावर उपाय करता येतो. नारळ एक्स-रेमधून काढा, स्फोटकांच्या अंशासाठी तपासा, हाताने बघा. सवलत दिली तेव्हा हीच अट होती. सुक्या खोबऱ्यामागची भीती आगीची आहे. तेलाला श्रद्धा कळत नाही. तुमच्या या पूजेच्या डब्यातल्या कापराचंही तेच. तो ज्वालाग्राही घन पदार्थ. तो काढा.

वहिनी: म्हणजे तुमच्या मते भीती दोन प्रकारची.

भावोजी: तीन. आग, घातपात आणि कीड. कीड म्हणजे समोरच्या देशाची भीती, त्यात त्यांचे इतर कायदेही धरा. लोक चुकतात ते इथेच. ‘विमानात चालतं का?’ असा एकच प्रश्न विचारतात. खरं तर प्रत्येक डब्याला तीन दारं ओलांडायची असतात. आगीचं दार विमान कंपनीचं, घातपाताचं दार सिक्युरिटीचं, आणि किडीचं दार उतरल्यावर कस्टम्सचं. पहिल्या दोन दारांतून सुखरूप गेलेली वस्तू तिसऱ्यात अडकू शकते. कोण घाबरलंय ते कळलं, की वस्तू हातात ठेवायची, पोटात टाकायची की घरी, हे तीनचतुर्थांश वेळा आपलं आपल्यालाच सांगता येतं.

वहिनी: बरं, मग सांगा. हे मुलाने पाठवलेलं पॉवर बँक. जड आहे म्हणून खाली टाकलंय.

भावोजी: बाहेर काढा आणि पर्समध्ये ठेवा.

वहिनी: थांबा. खोबरं आगीच्या भीतीने पोटात नको म्हणालात. पॉवर बँकही आगीच्या भीतीने पोटात नको. मग ते माणसांच्या मांडीवर ठेवायचं? हे कुठलं शास्त्र?

भावोजी: प्रश्न बरोबर आहे. विमानाच्या पोटात आग लागली तर तिथे हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा मारतो. पण लिथियमची बॅटरी बिघडली, की ती आतल्या आत स्वतःच उष्णता निर्माण करत राहते. एक घट तापला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. ज्वाळा विझल्या तरी तापणं थांबत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान पेटलं. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक गेले. केबिनमध्ये निदान कुणाला धूर दिसतो, वास येतो आणि कर्मचारी त्यावर पाणी ओतत राहू शकतात. मांडी सुरक्षित आहे म्हणून नव्हे, मांडीवरचं लगेच दिसतं म्हणून.

वहिनी: दिसलं तरी पळणार कुठे?

भावोजी: म्हणून तर नियम आणखी आवळत चाललेत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग वरच्या कप्प्यात लागली होती. पॉवर बँकचाच संशय तपासात पुढे आला. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे १७६ जण बाहेर पडले. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात त्याने चार्जिंग करणं बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक न्यायचं आणि तेही वापरायचं नाही, असा नियम केला. तुमच्या पॉवर बँकवर काय छापलंय?

वहिनी: वीस हजार एमएएच.

भावोजी: त्याला ३.७ ने गुणा, हजाराने भागा. ७४ वॉट-तास. शंभरपर्यंत परवानगी विचारावी लागत नाही. शंभर ते एकशे साठ असेल तर कंपनीला विचारायचं. त्यावर गेलं तर घरी. हा हिशोब कंपनीच्या माणसालाही कधी कधी येत नाही, म्हणून वॉट-तासाचा आकडा छापलेलं पॉवर बँक असलेलं बरं.

वहिनी: हा नियम मला पटला. का, ते सांगते. तुम्ही मला कारण सांगितलंत. आता दुसरा घ्या. हे श्रीखंड. हातातल्या बॅगेत. घट्ट, चक्क्याचं, चमचा उभा राहील असं.

भावोजी: चमचा उभा राहिला तरी ते जेलमध्ये मोडतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात एका डब्यात शंभर मिलीच. श्रीखंड, तूप, लोणचं, खोबरेल, सगळं त्यात आलं.

वहिनी: तूप थंडीत दगड होतं.

भावोजी: ते सिक्युरिटीवाल्याला सांगून बघा. नियम कुठून आला ते सांगतो. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये धरपकड झाली. अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवण्याचा कट होता. थंड पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायची आणि वर गेल्यावर जोडायची. तेव्हाच्या एक्स-रे यंत्राला पेय आणि स्फोटक यांतला फरक कळत नव्हता. म्हणून शंभर मिली आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी.

वहिनी: मग तेच श्रीखंड खाली मोठ्या बॅगेत टाकलं तर कसं चालतं?

भावोजी: उड्डाण चालू असताना पोटातल्या बॅगेपाशी बसून कुणी काही जोडू शकत नाही. वरच्या माणसाच्या हाताची भीती आहे, श्रीखंडाची नाही. तुमच्या मसाल्याचंही तसंच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीहून जास्त पूड असली, की जास्तीची तपासणी. २०१८ पासून. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, सगळं खाली.

वहिनी: माझ्या वाचनात आलंय की एडिंबराच्या विमानतळावर २०२५ च्या जुलैपासून दोन लिटरपर्यंत द्रव नेता येतं. नवी स्कॅनर यंत्रं बसवली म्हणे.

भावोजी: खरं आहे. ती यंत्रं वस्तू सगळ्या बाजूंनी, कापून दाखवल्यासारखी दाखवतात.

वहिनी: म्हणजे भीती द्रवाची कधीच नव्हती. भीती यंत्राच्या अडाणीपणाची होती. यंत्र सुधारायला जवळजवळ वीस वर्षं लागली आणि तेवढी वर्षं जगभरच्या आयांनी कचऱ्याच्या डब्यात लोणची टाकली.

भावोजी: दुसरा उपाय काय होता? यंत्र येईपर्यंत सगळं जाऊ द्यायचं?

वहिनी: नाही. पण नियम चालू ठेवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो काढायची घाई कुणाला नसते. बुटांचंच बघा. डिसेंबर २००१ मध्ये एका माणसाने बुटात स्फोटक घालून विमानात पाऊल टाकलं. त्याला सहप्रवाशांनीच धरलं. पुढे अमेरिकेत लाखो लोक बूट काढून अनवाणी रांगेत उभे राहिले. ती सक्ती उठली जुलै २०२५ मध्ये. गुडघे धरून वाकताना मला तरी तो नियम कायमचाच वाटला होता.

भावोजी: उठली हे महत्त्वाचं. लायटरवर अमेरिकेने २००५ मध्ये बंदी घातली आणि २००७ मध्ये उठवली. कारण दिवसाला सुमारे बावीस हजार लायटर जप्त करण्यात तपासनिसांचं लक्ष चाललं होतं. आपल्याकडे मात्र लायटर आणि काडेपेटी दोन्ही बंद, हातात आणि पोटात. दोन्ही सरकारं शहाणीच. पण तपासनिसाचं लक्ष कशावर खर्च करायचं, याचा हिशोब दोघांनी वेगळा मांडला.

वहिनी: हे मात्र मनापासून बोललात. नियम म्हणजे हिशोब. मग हिशोबाला ‘नियम आहे’ एवढंच उत्तर देऊ नका.

भावोजी: वहिनी, एक प्रश्न असा आहे की तिथे मी तुम्हाला हिशोब सांगणार नाही. हा स्टीलचा डबा कुणाचा?

वहिनी: शेजारच्या जोशीकाकूंचा. त्यांच्या मुलासाठी चिवडा आणि शंकरपाळे. तोही न्यू जर्सीतच, एडिसनला राहतो. झाकण टेपने बंद करून दिलंय, वाटेत सांडू नये म्हणून.

भावोजी: उघडा.

वहिनी: असं कसं उघडू? त्यांना काय वाटेल? कुणी निघालं की त्याच्याबरोबर डबा द्यायचा, ही आपली रीत आहे. माझ्या मुलाच्या पहिल्या दिवाळीला असाच कुणाच्या तरी बॅगेतून फराळ गेला होता. कुणी तो उघडून पाहिला असता, तर मला अपमान वाटला असता.

भावोजी: वाटू दे. तुम्हाला ‘कनिष्क’ आठवतं?

वहिनी: न आठवायला काय झालं. पंच्याऐंशी साल.

भावोजी: २३ जून १९८५. आयर्लंडजवळ समुद्रावर एअर इंडियाचं विमान फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग व्हँकुव्हरला एका माणसाने चढवली, पण तो स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग पुढे टोरांटोमार्गे त्या विमानात आली. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोघे कामगार मेले. प्रवासी नसेल तर त्याचं सामान जाणार नाही, ही आज साधी वाटणारी अट या रक्तातून आली. ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का?’ हा काउंटरवरचा प्रश्नही त्याच काळजीतला. आणि तुम्ही त्याला ‘हो’ म्हणणार, टेप लावलेला डबा आत ठेवून.

वहिनी: जोशीकाकू आणि बॉम्ब?

भावोजी: काकूंवर संशय नाही. पण काकूंना तो डबा कुणी दिला, हे तुम्हाला माहीत आहे? मुंबईचंच एक जोडपं २०१९ मध्ये फिरायला कतारला गेलं. ती सहल त्यांना एका नातेवाईक बाईने भेट दिली होती आणि बरोबर एक पाकीटही दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोच्या वर चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, मूल तुरुंगात झालं. २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले आणि परत आले. तेही इथे मुंबईतल्या तपासातून त्यांना फसवल्याचं सिद्ध करता आलं म्हणून. परकं कुणी नव्हतं त्यात. सख्ख्या नात्यातलं पाकीट होतं.

वहिनी: …डबा उघडते. पण काकूंना फोन करून, सांगून उघडते. चोरून नाही.

भावोजी: तेवढं पुरेसं आहे. आणि पुन्हा टेप तुमच्या हाताने लावा.

वहिनी: चिवडाच आहे. खोबऱ्याचे तळलेले काप दिसताहेत. आता ते यूएन तेराशे त्रेसष्ट म्हणू नका.

भावोजी: नाही म्हणत. तळलेल्या चिवड्यातले चार काप म्हणजे वाट्यांची पिशवी नव्हे. पण हे तुमचे अनारसे. यांना खसखस लावलीय.

वहिनी: लावलीय म्हणजे? खसखशीशिवाय अनारसा होतो का?

भावोजी: भारतातून बाहेर पडताना कुणी विचारणार नाही. अडचण दुबईची आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत गणली जाते. अफूच्याच बोंडातलं बी ते. सिंगापूरलाही बंदी आहे. तुम्ही नुसतं विमान बदलणार असता तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही भाचीकडे चार दिवस राहणार, म्हणजे बॅग घेऊन त्यांच्या कस्टम्समधून बाहेर पडणार. अनारसे इथेच खा.

वहिनी: म्हणजे घरातली कुठलीही वस्तू कुठल्या तरी देशात गुन्हा असते.

भावोजी: असते. म्हणून जिथे उतरायचं तिथली यादी पाहायची. औषधांचंही तसंच. आपल्याकडे मेडिकलवाला सहज देतो ती खोकल्याची, दुखण्याची काही औषधं तिथे परवान्याशिवाय चालत नाहीत. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या आणि सगळं हातातल्या बॅगेत. आता हा तांदूळ.

वहिनी: आंबेमोहर. दोन किलो. त्याचा वास तिकडच्या तांदळाला येत नाही.

भावोजी: अमेरिकेत आपल्याकडचा तांदूळ प्रवासी सामानातून नेता येत नाही. कारण खपरा भुंगेरा. धान्य पोखरणारी एवढीशी कीड. तिची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं फटीत दबून राहते आणि धुरी दिली तरी सहज मरत नाही. १९५३ मध्ये ती कॅलिफोर्नियात सापडली. तिला संपवायला त्यांना दशकाहून जास्त काळ लागला. म्हणून तांदळाचा त्यांना धसका आहे. ऑस्ट्रेलियाचा तर त्याहून मोठा. तिथे तांदूळ, हरभरे, अख्खे जिरे, धने, सुक्या मिरच्या, सगळं सामानातून बंद आहे. ही ताज्या कढीपत्त्याची जुडीही काढा.

वहिनी: कढीपत्त्यात कसला भुंगेरा?

भावोजी: कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्या कुळातला. त्यावर सायला नावाची कीड बसते आणि तिच्यामार्फत संत्र्याच्या झाडांना ग्रीनिंगचा रोग होतो. विदर्भातल्या बागायतदाराला सायला कोण ते सांगायला नको. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथली संत्री कोसळली.

वहिनी: मग हापूस तिथल्या दुकानात कसा मिळतो? मुलाने फोटो पाठवला होता. मी नेला तर जप्त आणि व्यापाऱ्याने नेला तर विक्री. पुन्हा तेच, मोठ्यासाठी वाकला.

भावोजी: वाकला नाही, वळसा घेतला. आंब्याच्या कोयीत सोंडकिडा असतो, गरात फळमाशीची अंडी. बरीच वर्षं भारतीय आंब्याला अमेरिकेत बंदी होती. २००७ मध्ये ती उठली, पण विकिरण प्रक्रिया केलेल्या आंब्यापुरतीच. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला ‘कृषक’ नावाचं केंद्र आहे, मूळ कांद्यासाठी उभं केलेलं. तिथून आंबे गेले. फळ तसंच राहतं आणि किडा पुढची पिढी काढू शकत नाही. तुमच्या पिशवीतल्या आंब्याला ती प्रक्रिया कोण करणार?

वहिनी: पटतंय थोडं. पण एक गोष्ट ऐका. आपल्याकडे गाजरगवत कुठून आलं? पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा दिसलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं, असंच मानतात. आज कोकणात काय, विदर्भात काय, बांधावर तेच. जनावर खात नाही, माणसाला दमा होतो. तेव्हा कुणी आमच्या दारात यादी धरली होती? आज मात्र माझा दोन किलो आंबेमोहर त्यांना जड होतो.

भावोजी: वहिनी, तुमचाच दाखला माझ्या बाजूने बोलतोय. गाजरगवताची एक चिमूट तेव्हा बंदरावर अडली असती तर?

वहिनी: दोन्ही बाजूंनी बोलतोय. नियम हवा, हे त्यातून दिसतं. आणि तो ताकदवानाने आधी स्वतःसाठी केला, हेही दिसतं.

भावोजी: बरं, त्यावर भांडण नाही. पण तिथल्या अधिकाऱ्यासमोर हा इतिहास काढू नका. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. खाण्याचं काही आहे का, असं तोंडी विचारो की फॉर्मवर, उत्तर ‘हो’. मसाला आहे, चिवडा आहे, लोणचं आहे. न चालणारं असेल तर ते काढून घेतील, एवढंच. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या विमानातली एक सुटकेस मागे राहिली. उघडली तर आत दोन गोवऱ्या. त्यांच्याकडे १९२९ नंतर गुरांना लाळ्या-खुरकूत झालेला नाही. शेणातून तो येईल म्हणून गोवऱ्या नष्ट केल्या.

वहिनी: गोवऱ्या नेणाऱ्याची मला कीव येते. होम करायचा असेल, नातवाचं बारसं असेल. त्याने सरळ सांगितलं असतं तर?

भावोजी: गोवऱ्या तरीही गेल्या असत्या. पण माणूस ताठ मानेने बाहेर पडला असता.

वहिनी: आता माझं ऐका. मीही काउंटरच्या आत बसलेली आहे. पार्सलात तेलाची बाटली, फटाके, काय काय यायचं. ‘नियमात बसत नाही’ म्हटलं की माणूस भांडायचा, दुसऱ्या दिवशी तीच बाटली कापडात गुंडाळून दुसऱ्या खिडकीवर आणायचा. ‘बाटली फुटली तर इतरांची पत्रं तेलकट होतील, त्यात एखाद्याचं मनीऑर्डरचं कागदपत्र असेल’ असं सांगितलं, की तोच माणूस बाटली परत न्यायचा. कारण सांगायला अर्धं मिनिट लागतं. न सांगता केलेला नियम माणसाला चोर बनवतो.

भावोजी: तुमच्या खिडकीवर दहा माणसं असायची. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पहाटे तीनला दीडशे असतात. प्रत्येकाला कनिष्क आणि खपरा सांगत बसलो तर विमान सुटेल. तिथल्या जवानाला कारण सांगायचा वेळही नसतो आणि बऱ्याचदा अधिकारही.

वहिनी: मग ते रांगेत नको. तिकिटाबरोबर पाठवा, काउंटरच्या भिंतीवर लावा. चालणाऱ्या-न चालणाऱ्या वस्तूंची चित्रं लावतातच ना, त्या प्रत्येक चित्राखाली एक ओळ द्या. ‘खोबरं: दाबून भरलं की तापतं.’ ‘पॉवर बँक: पेटलं तर दिसायला हवं.’ ‘तांदूळ: त्यांच्या शेतात आपली कीड नको.’ आयांना वाचता येतं हो.

भावोजी: एवढं सगळं कुणी वाचेल, असं मला वाटत नाही.

वहिनी: आणि मला वाटतं की तुम्ही कधी लावून पाहिलं नाही.

भावोजी: बरं, काटा बघा. ही एकवीस किलो सहाशे, ती बावीस किलो आठशे. बत्तीसवर कधी जाऊ देऊ नका, मग जास्त पैसे दिले तरी घेत नाहीत. ती अट बॅग उचलणाऱ्याच्या कण्यासाठी आहे. लोणच्याच्या बरणीत वर बोटभर जागा सोडा. विमानाच्या पोटातही हवेचा दाब उंच डोंगरावर असतो तसा कमी होतो आणि काठोकाठ भरलेलं बाहेर येतं.

वहिनी: हे बघा, सोडली. खोबरं, कापूर, खसखस, तांदूळ, कढीपत्ता बाहेर. अनारसे आज संध्याकाळी संपवायचे. पॉवर बँक पर्समध्ये. आणि अमेरिकेत विचारलं तर सगळ्याला ‘हो’ म्हणेन. पण त्याने मसाल्याचा डबा उघडून ‘हे काय?’ असं विचारलं, तर दगडफुलापासून सुरुवात करेन. कारण सांगायला मला वेळ असतो. ऐकायला त्याने काढावा.